मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत दुसरं फोर सिलिंडर इंजिन: मोजमापापासून घाटापर्यंत

इंजिन बदलायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, "कोणतं इंजिन टाकू?" खरं तर हा तिसरा प्रश्न आहे. पहिला, ही गाडी रस्त्यावर पळणार की फक्त शेतात आणि खासगी जागेत? दुसरा, गिअरबॉक्स कोणता राहणार? ही दोन उत्तरं हातात आली की इंजिनाची निवड बरीचशी आपोआप होते. अर्धवट पडलेले प्रोजेक्ट बघा. बॉनेटखाली इंजिन बसलेलं असतं, धुऊन-पुसून रंगवलेलंही असतं, आणि काम अडलेलं असतं ते इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या चार-पाच इंचांत. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा त्या चार-पाच इंचांना दिली आहे.

आधी आरटीओ, मग गॅरेज

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली अशा प्रत्येक बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. सीएनजीसारख्या इंधनाचं मान्यताप्राप्त किट बसवण्याची वाट वेगळी आणि मोकळी आहे. खराब इंजिनाच्या जागी त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं इंजिन टाकायचं असेल तर आरटीओची पूर्वपरवानगी घेऊन नवा इंजिन नंबर आरसीवर चढवून घेता येतो. भलत्याच गाडीचं, भलत्याच क्षमतेचं इंजिन टाकून ती गाडी रस्त्यावर आणण्याची आशा मात्र फार धरू नका.

म्हणून एमएच-२० असो, एमएच-२४ असो की एमएच-२६, आपल्या आरटीओत लेखी अर्ज द्या, लेखी उत्तर घ्या आणि मगच पाना उचला. पंधरा वर्षांनंतर फेरनोंदणीला गाडी नेली की निरीक्षक आधी बॉनेट उघडून इंजिन नंबर आरसीशी ताडतो. अपघात झाला तर विमा कंपनीही तेच करते. परवानगी मिळण्यासारखी नसेल तर गाडी शेतापुरती, खासगी जागेपुरती ठेवायची हे पहिल्याच दिवशी ठरवा. पुढे दिलेलं यंत्रकाम दोन्ही बाबतींत सारखंच आहे.

कोणत्या गाडीला कोणतं इंजिन

आपल्याकडे मागच्या चाकांवर चालणाऱ्या जुन्या गाड्या मोजक्याच आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांना घरातलंच मोठं भावंड मिळतं. सुरुवात तिथूनच करावी.

अ‍ॅम्बेसेडरचं जुनं बीएमसी पेट्रोल इंजिन १४८९ सीसीचं. पुढे याच गाडीत कंपनीनंच इसुझूचं १८१७ सीसीचं इंजिन दिलं, कॉन्टेसातही तेच आलं. म्हणजे फाउंडेशन (इंजिन चेसिसवर बसवणारे रबरी आधार), बेल हौसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधलं, क्लच झाकणारं कवच), गिअरबॉक्स, सगळं कारखान्यातून जुळवलेलं मिळतं. इंजिन एकटं न आणता गिअरबॉक्ससकट पूर्ण जोडी आणली तर नवख्यासाठी यापेक्षा सोपं काम नाही. पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनाच्या जागी प्रीमियर ११८एनईचं निस्सानचं ११७१ सीसी इंजिन आणि त्याचाच गिअरबॉक्स, ही दुसरी चांगली जोडी. इथे गिअर स्टेअरिंगवरून खाली फरशीवर येतो, म्हणून टनेलला (फरशीतल्या गिअरबॉक्सवरच्या उंचवट्याला) भोक पाडावं लागतं आणि मागच्या क्रॉसमेंबरचं (गिअरबॉक्स पेलणाऱ्या आडव्या पट्टीचं) काम वाढतं.

महिंद्राच्या जुन्या पेट्रोल जीपमध्ये २१९९ सीसीचं हरिकेन, एमएम ५४० मध्ये प्यूजोचं २११२ सीसी डिझेल आणि पुढच्या काही मॉडेलांत २४९८ सीसीचं एक्सडी३पी. पेट्रोल जीप डिझेल करण्याची पद्धत खेडोपाडी जुनीच आहे. त्यात वजन वाढतं, पुढचे पाटे बसतात आणि ब्रेकचा एक प्रश्न उभा राहतो. तो पुढे येईलच.

जिप्सीची गोष्ट थोडी वेगळी. १९८५ ची पहिली जिप्सी ९७० सीसीची, १९९६ पासून १२९८ सीसी आणि २००० पासून तेच इंजिन सोळा व्हॉल्व्हचं, एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इलेक्ट्रॉनिक इंजेक्शननं पेट्रोल देणारं). हेच सोळा व्हॉल्व्हचं कुळ व्हर्सातही होतं, आणि व्हर्सा मागच्या चाकांचीच गाडी. एस्टीम आणि जुनी बलेनो (१५९० सीसी) यांतही याच कुळातली इंजिनं आहेत, पण ती पुढच्या चाकांसाठी आडवी बसवलेली. म्हणूनच ती भंगारात सहज मिळतात, आणि फसगतही तिथेच होते.

आडवं इंजिन उभं करायला काय काय लागतं ते आधी ऐका. चेंबर (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) बदलावा लागतो, कारण त्याचा खोल भाग पुढच्या क्रॉसमेंबरवर किंवा अ‍ॅक्सलवर येतो. चेंबर बदलला की आतली तेल ओढणारी जाळीही बदलायची. पाण्याचा आउटलेट फ्लायव्हीलच्या बाजूला असेल तर तो फायरवॉलला (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याला) भिडतो. मॅनिफोल्ड (हवा आणि धुराच्या नळ्यांचा जोड) ज्या बाजूला असेल त्या बाजूला स्टेअरिंगचा रॉड नेमका आडवा येतो. सेल्फची (स्टार्टर मोटरची) जागा चुकते. आणि सगळ्यात दुर्लक्षिलेली गोष्ट म्हणजे क्रँकच्या मागच्या टोकाला पायलट बुशाची (गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक पेलणाऱ्या बुशाची) जागा तयार केलेली असेलच असं नाही. आडव्या गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टला दोन्ही टोकांना स्वतःचे बेअरिंग असतात, त्यामुळे कारखान्याला तिची गरजच पडत नाही. उभ्या गिअरबॉक्सच्या शाफ्टचं नाक मात्र क्रँकमध्येच टेकतं. बुश नसेल तर शाफ्ट अधांतरी फिरतो, क्लच दाबल्यावरही गिअर कुरकुरतो आणि गिअरबॉक्सचा पुढचा बेअरिंग लवकर जातो.

आमचा सल्ला स्पष्ट आहे. पहिलं काम असेल तर मागच्या चाकांच्याच गाडीतलं इंजिन घ्या, आणि ते गिअरबॉक्ससह घ्या.

इंजिन विकत घेताना

कागदाशिवाय इंजिन घेऊ नका. विक्रेत्याचं बिल, ज्या गाडीतून काढलं त्या गाडीच्या आरसीची प्रत आणि ब्लॉकवर ठोकलेला नंबर, तिन्ही जुळलं पाहिजे. नंबराच्या जागी ग्राइंडर फिरवल्याची चमक किंवा ताजा रंग दिसला तर तिथून निघा. किंमत कितीही कमी असो.

मग कॉम्प्रेशन. इंजिन जमिनीवर टायरवर ठेवून सेल्फला बॅटरीचा करंट देता येतो. सगळे प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा धरा आणि प्रत्येक सिलिंडरवर गेज लावून पाच-सहा फटके द्या. पेट्रोल इंजिनाला साधारण ११ ते १३ बार हवं. आकड्यापेक्षाही चारही सिलिंडरांतला फरक महत्त्वाचा: तो १० टक्क्यांच्या आत हवा. एखादा सिलिंडर कमी दाखवत असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा बघा. आकडा चढला तर रिंग गेल्यात, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकसारखे कमी असतील तर त्यांच्यामधला गॅस्केटचा पूल जळालेला असतो. जुन्या प्री-चेंबर डिझेलला याच्या दुपटीहून जास्त, २५ ते ३० बार लागतं. त्याला पेट्रोलचं गेज लावू नका, फुटेल.

ऑइलचं झाकण उघडून आत पांढरी साय दिसते का बघा. वॉटर पंपाच्या तोंडात बोट घाला. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यावर वर्षानुवर्षं चाललेल्या इंजिनात चुन्याचा थर बोटाला खरखरीत लागतो. असं इंजिन घ्यायचंच असेल तर वेल्श प्लग (ब्लॉकच्या भोकांवरची पत्र्याची झाकणं) काढून आतून साफ करण्याचा खर्च धरूनच घ्या. वायरिंग कापून दिलेलं एमपीएफआय इंजिनही टाळा. ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर), पूर्ण हार्नेस (वायरींचा जुडगा), सगळे सेन्सर आणि इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) असेल तर त्याची किल्ली, हे इंजिनाचेच भाग समजा.

काढण्याआधी

जुनं इंजिन जागेवर असतानाच मापं घ्या. क्रँक पुलीच्या मध्यापासून दोन्ही चेसिसपर्यंतचं अंतर, फायरवॉलपासूनचं, बॉनेटपर्यंतचं, आणि गाडी चारी चाकांवर उभी असताना इंजिन-गिअरबॉक्सचा मागे झुकलेला कोन. मोबाइलमधलं लेव्हल चालतं, फक्त ते सपाट घासलेल्या पृष्ठभागावर धरा, ओतीव भागावर नको. फोटो काढा, प्रत्येक वायरीला कागदी टेप लावून नाव लिहा.

मागच्या हौसिंगचं (डिफरेन्शिअलचं) गुणोत्तरही, म्हणजे चाकांच्या एका फेऱ्याला शाफ्ट किती फेरे घेतो तेही, आत्ताच मोजा. पुढच्या चाकांना ओट लावा, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सैल. मागचं एक चाक जमिनीवर राहू द्या, दुसरं जॅकवर उचला. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्टचे (गिअरबॉक्सपासून मागे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचे) फेरे मोजा. चारपेक्षा किंचित जास्त आले तर गुणोत्तर ४.१ च्या आसपास आहे. आता हिशेब करा: टायरचा घेर २ मीटर, गुणोत्तर ४, चौथा गिअर सरळ (१:१), तर ३००० आरपीएमला शाफ्ट ३०००, चाक ७५०, म्हणजे मिनिटाला १५०० मीटर, ताशी ९० किलोमीटर. डिझेल जीपच्या हौसिंगवर पेट्रोल इंजिन टाकलं किंवा उलट केलं तर हा आकडा आधी काढला पाहिजे, नाहीतर गाडी हायवेवर ६० लाच किंचाळते किंवा चढाला उचलतच नाही.

इंजिन उचलायला एक टनाची चेन पुली पुरे, पण ती कशाला टांगता ते बघा. लिंबाच्या फांदीला किंवा पत्र्याच्या शेडच्या पाइपला टांगू नका. पेट्रोल फोर सिलिंडर गिअरबॉक्ससह दीडशे किलोच्या घरात जातं, जुनं डिझेल त्याहून बरंच जड. तिपाई घोडी भाड्यानं मिळते, ती आणा. काळ्या मातीच्या आवारात जॅक रुततो आणि घोडी एका बाजूला कलते. खाली शहाबादी फरशी टाकली तर ती मधोमध तडकते. दोन इंच जाडीची लाकडी फळी टाका, आणि जॅकवर उचललेल्या गाडीखाली स्टँड लावल्याशिवाय डोकं घालू नका.

ती चार-पाच इंच

आता मुख्य काम. इंजिन आणि गिअरबॉक्स वेगवेगळ्या कुळातले असतील तर मध्ये अ‍ॅडॉप्टर प्लेट, म्हणजे दोघांना जोडणारी धातूची पाटी, येते. वाळूज आणि चिकलठाण्याच्या एमआयडीसीत व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशिनवर) जॉबवर्क करणारे बरेच आहेत, लातूर-नांदेडलाही लेथवाले आहेत. मात्र त्यांना ड्रॉइंग तुम्ही द्यायचं. इंजिनाच्या मागच्या तोंडाचा ठसा जाड कागदावर घ्या, डॉवेलची (जागा पक्की करणाऱ्या पिनांची) भोकं व्हर्नियरनं मोजा आणि सगळी अंतरं क्रँकच्या मध्यापासून लिहा. बोल्ट ते बोल्ट मोजत गेलात तर चूक साठत जाते.

प्लेट साधारण १० ते १२ मिमीची करतात. इथे हे लक्षात ठेवा की प्लेट जितकी जाड, तितका इनपुट शाफ्ट क्रँकपासून मागे सरकतो. १२ मिमीची प्लेट घातली की शाफ्टचं नाक पायलट बुशात १२ मिमीनं कमी शिरतं, क्लच प्लेटच्या स्प्लाइनवरची (शाफ्टवर बसणाऱ्या दातांवरची) पकडही तेवढीच घटते, सेल्फचा दातही रिंगपासून तेवढाच लांब जातो. तिन्हीचा हिशेब आधी करा. नाकाला बुशात किमान १२ ते १५ मिमी पकड हवी. कमी पडली तर लांब कॉलर असलेला पितळी किंवा गनमेटलचा बुश वळून घ्या, बाहेरून क्रँकमध्ये घट्ट आणि आतून शाफ्टला सहज फिरेल इतकाच सैल.

सगळ्यात महत्त्वाचं, सेंटर. प्लेटवर डॉवेलची भोकं आधीच पाडून घेऊ नका. प्लेट आणि रिकामं बेल हौसिंग बोल्टांनी हलकं आवळा. डायल गेजचा मॅग्नेट फ्लायव्हीलवर बसवा, काटा बेल हौसिंगच्या मधल्या गोल भोकाच्या आतल्या भिंतीला टेकवा आणि क्रँक हातानं एक पूर्ण फेरा फिरवा. काट्याचा एकूण फरक ०.२५ मिमीच्या आत यायला हवा, ०.१५ च्या आत आला तर उत्तम. प्रत्यक्ष सरक त्याच्या निम्मी असते, म्हणजे काटा ०.४० दाखवत असेल तर हौसिंग ०.२० मिमी बाजूला आहे. लाकडी हातोडीनं ठोकत सेंटर आणा, बोल्ट पक्के करा, पुन्हा फिरवून बघा, आणि मगच डॉवेलची भोकं पाडून रीमर मारा. डायल न लावता नुसत्या बोल्टांच्या भरवशावर लावलेली प्लेट सुरुवातीला बरी चालते. मग क्लच चावायला लागतो, पायलट बुश एका बाजूनं खातो आणि क्लच प्लेटचं मधलं बूड तडकतं. गिऱ्हाईक नवा क्लच टाकतं, तोही तसाच जातो.

क्लचची जुळणी तशी सोपी आहे. प्रेशर प्लेट इंजिनाच्या फ्लायव्हीलची, क्लच प्लेटचा बाहेरचा व्यास त्याच मापाचा, आणि मधला स्प्लाइन गिअरबॉक्सचा. अशी प्लेट तयार मिळाली नाही तर क्लच दुरुस्त करणारे रिव्हेट तोडून दुसरं बूड बसवून देतात. स्प्लाइनचे दात मोजा, व्यास मोजा, आणि नुसती प्लेट हातात घेऊन गिअरबॉक्सच्या शाफ्टवर सरकवून बघा: वजनानं खाली घसरली पाहिजे. स्प्रिंगा फुगलेली बाजू गिअरबॉक्सकडे. सेंटर करायला भंगारातला त्याच गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट हे उत्तम हत्यार.

जोडण्याआधी पायलट बुशाच्या मागच्या पोकळीत कणकेची छोटी गोळी ठेवा. गिअरबॉक्स क्लचशिवाय एकदा पूर्ण बसवा आणि काढा. चपटी झालेली गोळी व्हर्नियरनं मोजा. दोन-तीन मिमी जाडी उरली तर ठीक. कागदासारखी झाली असेल तर शाफ्ट क्रँकच्या तळाला टेकतोय. तसाच जोडला तर प्रत्येक वेळी क्लच दाबताना क्रँक पुढे ढकलला जाईल आणि थ्रस्ट बेअरिंग (क्रँकची पुढे-मागे सरक रोखणारा) जाईल. गोळी काढून जागा पुसून घ्या आणि बुशला हलकं ग्रीस लावा.

आणि शेवटची जोडणी. गिअरबॉक्स हातानं, थोडा हलवत, पूर्ण मिटला पाहिजे. अखेरीस पाच-सात मिमी फट राहते आणि तिथे बहुतेक जण बोल्ट आवळून ती फट बंद करायला जातात. थांबा. फट राहिली म्हणजे स्प्लाइन जुळलेला नाही किंवा नाक बुशात शिरलेलं नाही. टॉप गिअर टाका, मागचं तोंड हातानं फिरवत ढकला, दात जुळले की गिअरबॉक्स खट्कन आत जातो आणि फट आपोआप मिटते. बोल्टांनी ओढलेल्या गिअरबॉक्सचा कान तुटतो किंवा क्लच प्लेट वाकते, आणि वाकलेली प्लेट कळते ती सगळं जोडून झाल्यावर.

फाउंडेशन आणि शाफ्टचा कोन

चार सिलिंडरांच्या इंजिनात १ आणि ४ नंबरचे पिस्टन एकत्र वर येतात, तेव्हा २ आणि ३ खाली असतात. वर-खालीचा तोल त्यामुळे सांभाळला जातो, पण कनेक्टिंग रॉडच्या तिरपेपणामुळे क्रँकच्या एका फेऱ्यात दोनदा येणारा एक धक्का शिल्लक राहतो. फोर सिलिंडरची ती ओळखीची थरथर यामुळेच. म्हणून फाउंडेशनचं रबर त्याच इंजिनाच्या मूळ गाडीचं वापरावं, आणि ब्रॅकेट तेवढे नवे बनवावेत. रबर काढून लोखंड लोखंडाला भिडवलं तर चेसिसचे वेल्ड सुटायला लागतात.

ब्रॅकेटला ५ ते ६ मिमीची एमएस प्लेट, कोपऱ्यात त्रिकोणी आधार, ८.८ ग्रेडचे एम१० किंवा एम१२ बोल्ट. इंजिन जागेवर टांगून अंतरं ठरवा: बॉनेटला २५ मिमी, फायरवॉलला निदान २० मिमी, स्टेअरिंग रॉडला पूर्ण वळणात १५ मिमीपेक्षा जास्त. जीप-जिप्सीचा पुढचा अ‍ॅक्सल वर-खाली होतो, म्हणून तो बंप स्टॉपपर्यंत (उसळी अडवणाऱ्या रबरापर्यंत) वर उचलून चेंबरला लागत नाही ना ते बघा. गाडी उभी असताना भरपूर वाटणारी जागा खड्ड्यात शून्य होते आणि चेंबर फुटतो. आधी फक्त टाका मारा, इंजिन बाहेर काढा, मग पूर्ण वेल्डिंग. वेल्डिंगच्या वेळी बॅटरी, अल्टरनेटर आणि ईसीएम सुटे असू द्या.

शाफ्टच्या कोनाकडे नवखा माणूस बघतच नाही, आणि मग ७० च्या पुढे गाडी का घुमते म्हणून टायर बॅलन्स करत बसतो. नियम असा: गिअरबॉक्सच्या मागच्या तोंडाची रेषा आणि मागच्या हौसिंगच्या तोंडाची रेषा एकमेकींना समांतर हव्यात. दोन्ही क्रॉसचे (शाफ्टच्या टोकांच्या युनिव्हर्सल जॉइंटचे) कोन १ ते ३ अंशांच्या दरम्यान आणि एकमेकांच्या १ अंशाच्या आत. अगदी शून्य कोनही वाईट, कारण क्रॉसचे रोलर जागेवरून हलत नाहीत आणि त्याच ठिकाणी खड्डे पडतात. मोजमाप गाडी चाकांवर, नेहमीच्या वजनानं बसलेली असतानाच.

शाफ्ट कापून लांबी बदलावी लागली तर दोन्ही टोकांची दोन शिंगं (क्रॉस धरणारे फाटे) एका रेषेत आहेत ना ते वेल्डिंगआधी बघा. कापण्यापूर्वी नळीवर लांबट सरळ रेघ ओढून ठेवली तर चूक होत नाही. सरकत्या टोकाला आत जायला २० ते २५ मिमी मोकळीक ठेवा, नंतर मशिनवर बॅलन्स करून घ्या.

मराठवाड्याचा उन्हाळा आणि पाणी

एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या वर जातो, तेव्हा कूलिंगमधली प्रत्येक आळशी जुळणी उघडी पडते. रेडिएटर ज्या इंजिनाचा, त्याच इंजिनाचा किंवा त्याहून मोठा. जुना रेडिएटर ठेवायचाच असेल तर रॉडिंग (नळ्या सळईनं आतून साफ करणं) करून घ्या. पंख्याभोवती काउल (हवा वळवणारं कवच) हवाच, पंख्याची पाती निम्मी काउलच्या आत. काउल नसलेला पंखा तीच गरम हवा पुन्हापुन्हा घुमवतो. इलेक्ट्रिक पंखा असेल तर ४० अँपिअरचा रिले, वेगळा फ्यूज, आणि ९० ते ९५ अंशांवर चालू होणारा स्विच.

"उन्हाळा आला, थर्मोस्टॅट काढून टाका" हा सल्ला गल्लोगल्ली मिळतो. ऐकू नका. बायपास (रेडिएटर टाळणारी पाण्याची वाट) असलेल्या बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटच बायपासचं तोंड बंद करतो. तो काढला की बरंचसं पाणी रेडिएटरला टाळून इंजिनातच फिरत राहतं आणि गाडी जास्तच तापते. हिवाळ्यात उलट, इंजिन गरमच होत नाही, पेट्रोल जास्त जातं आणि ऑइलमध्ये उतरतं. नवा थर्मोस्टॅट टाका. टाकण्याआधी गरम पाण्याच्या पातेल्यात सोडून उघडतो का बघा.

बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये कधीच नको. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मंनिम्मं, किंवा तयार मिसळलेलं कूलंट. झाकण मूळ दाबाचं, साधारण ०.९ बार. भरताना गाडीचं तोंड उंचावर, हीटरचा नळ उघडा, इंजिन मंद चालू, बुडबुडे थांबेपर्यंत झाकण उघडं. आत अडकलेली हवा हे नव्या जुळणीतल्या "उगाच तापण्याचं" सगळ्यात नेहमीचं कारण आहे.

इंधन, ब्रेक, वायरिंग

कार्बोरेटरला ०.२ ते ०.३ बार दाब पुरतो, एमपीएफआयला २.५ ते ३ बार लागतो. कार्बोरेटरची रबरी नळी एमपीएफआयला लावली तर ती फुटते आणि गरम सायलेन्सरवर पेट्रोल उडतं. इंजेक्शनसाठीचीच नळी आणि तसेच क्लिप वापरा. परतीची लाइन टाकीपर्यंत न्या. नळ्या सायलेन्सरपासून लांब ठेवा, नाहीतर मे महिन्याच्या दुपारी पेट्रोल नळीतच उकळतं आणि गाडी बंद पडते. पंप ईसीएमच्या रिलेवरूनच चालवा, थेट चावीवर नको. अपघातात इंजिन बंद पडलं तरी थेट जोडलेला पंप पेट्रोल ओतत राहतो.

पेट्रोलच्या जागी डिझेल टाकलं असेल तर ब्रेक. पेट्रोल इंजिनाच्या मॅनिफोल्डमधून बूस्टरला व्हॅक्यूम मिळतो. डिझेलमध्ये तो नसतो, म्हणून अल्टरनेटरच्या मागे किंवा वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. पंप विसरला तर पेडल दगडासारखं होतं, आणि हे कळतं ते पहिल्या उतारावर.

वायरिंगमध्ये एकच गोष्ट ठळक सांगायची: इंजिन ते चेसिस, चेसिस ते बॉडी, बॅटरी ते इंजिन, तिन्ही जाड अर्थिंग रंग खरवडून, स्वच्छ लोखंडावर. इंजिन रबरावर बसलेलं असतं. अर्थिंगची पट्टी विसरली तर सेल्फचा सगळा करंट दुसरी वाट शोधतो, आणि ती असते अ‍ॅक्सिलरेटरची किंवा चोकची केबल. सेल्फ मारल्यावर केबलीतून धूर निघाला, किंवा केबल आत चिकटून बसली, तर दुसरं काही तपासू नका. पट्टी बघा.

पहिला स्टार्ट

अग्निशामक सिलिंडर हाताशी, बॉनेट उघडं, शेजारी एक जण फक्त गळती बघायला. नवं ऑइल, नवा फिल्टर. प्लग काढून, कॉइलची किंवा पंपाची वायर सोडून, सेल्फवर इंजिन फिरवा. दहा सेकंद फिरवा, अर्धा मिनिट थांबा, असं ऑइलचा दिवा विझेपर्यंत.

मग टायमिंग. १ नंबरच्या प्लगच्या भोकावर बोट धरून क्रँक फिरवा. हवा बोट ढकलते तो कॉम्प्रेशनचा फेरा. पुलीची खूण जुळवा, रोटर (डिस्ट्रिब्युटरमधला फिरता भाग) १ नंबरच्या वायरीकडे आहे ना ते बघा. वर उल्लेख केलेल्या पेट्रोल इंजिनांचा फायरिंग क्रम १-३-४-२ आहे. इंजिन घेत नाही आणि कार्बोरेटरमधून भडका मारतं, तर रोटर बहुधा अर्धा फेरा उलटा बसलाय. डिझेलला हवा काढून घ्या, आणि स्टॉपचा दांडा हातानं पूर्ण बंद होतो याची खात्री केल्याशिवाय चावी फिरवू नका.

सुरू झालं की पहिली नजर ऑइलच्या दाबावर. पाच सेकंदांत दाब आला नाही तर बंद. गरम इंजिनाचा आयडलवर १ बारच्या आसपास आणि २००० ला साधारण अडीच-तीन बार दाब असेल तर निर्धास्त राहा. पंखा सुरू होऊन बंद होईपर्यंत गाडी जागेवरच चालू द्या.

रस्ता, असेल तर

कागद झालेली गाडी आधी वस्तीतल्या पाच-दहा किलोमीटरवर, मग हायवेवर पन्नास. परत आल्यावर थंड झालेल्या इंजिनाचं कूलंट पुन्हा बघा, बहुतेक वेळा अर्धा लिटर तरी खाली गेलेलं असतं. फाउंडेशन, बेल हौसिंग आणि शाफ्टचे बोल्ट पुन्हा आवळा. बोल्टांवर पिवळ्या रंगाची रेघ मारून ठेवली तर सैल झालेला बोल्ट नजरेला लगेच दिसतो.

खरी परीक्षा घाटात. संभाजीनगरकडच्यांना कन्नडचा औट्रम घाट सोयीचा: चाळीसगावकडे उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर इंजिनाचा आधार आणि ब्रेक दोन्ही कळतात, परत चढताना कूलिंग कळतं. बीडकडच्यांना मांजरसुंब्याचा चढ आहे. चार माणसं बसवून, दुपारी, पुढच्या गाडीच्या मागे राहून मंद वेगात चढा, कारण वेगात वारा रेडिएटरला मदत करतो आणि दोष झाकतो. काटा मधल्यापेक्षा वर सरकत राहिला तर बाजूला घ्या, इंजिन आयडलवर चालू ठेवा आणि झाकणाला हात लावू नका. चढाला जोर लावताना मागून ठक ठक आलं तर क्रॉस किंवा फाउंडेशन, गिअर बदलताना कुरकुर आली तर क्लचची फ्री प्ले (पेडलचा मोकळा खेळ) किंवा पायलट बुश, आणि उतरताना गिअर आपोआप न्यूट्रलला आला तर गिअरबॉक्सची मागची फाउंडेशन किंवा बेल हौसिंगचं सेंटर पुन्हा बघा.

५०० किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदला, जुनं ऑइल पांढऱ्या भांड्यात काढा आणि उन्हात धरून बघा. थोडी बारीक करडी चकाकी चालते. तांबडी-पिवळी चकाकी दिसली तर बेअरिंग खातंय, चेंबर उघडा.